गाडी माझी, आकडे कंपनीचे

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहराने एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. मी तेव्हा सातवीत होतो. पेपरात फोटो, टीव्हीवर रांगेने उभ्या गाड्या, पासष्ट कोटींची खरेदी, स्टेट बँकेचं कर्ज, आणि ‘मागास मराठवाडा’ म्हणणाऱ्यांची कशी जिरवली याच्या गप्पा. आमच्या घरात तेव्हा स्प्लेंडरला नवा टायर टाकायचा की रिमोल्डवर भागवायचं, यावर चर्चा चालली होती. तरी शहराचा अभिमान म्हणून आम्हीही मिरवलो. पुढे २०२२ मध्ये हीच युक्ती इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वापरली गेली. ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने शहरातली मंडळी एकत्र आली आणि अडीचशे इलेक्ट्रिक गाड्यांची एकगठ्ठा खरेदी ठरली. त्यानंतर शहराचं नाव बदललं, नळाला पाणी मात्र अजून आठवड्यानेच येतं, आणि त्या सुमारास शहरात आलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आता विकायच्या वयाला आल्यात.

दोन्ही वेळा गाजला तो भाव. एकत्र गेलं की कंपनी झुकते, ही अक्कल या शहराला दोनदा वापरून झाली आहे. माझी तक्रार अशी की आपण तिला फक्त किमतीवर झुकवलं. किंमत तर साध्या ग्राहकालाही दिवाळीत घासाघीस करून कमी करून मिळते.

भविष्यातली इलेक्ट्रिक गाडी कशी असावी, यावर यूट्यूबवर रोज एक व्हिडिओ पडतो. हजार किलोमीटर रेंज, दहा मिनिटांत चार्ज, सॉलिड-स्टेट बॅटरी, डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रीन. हे सगळं व्हिडिओ बनवणाऱ्यांना हवं असतं. गाडी रोज चालवणाऱ्यांना विचारा. मी विचारत असतो. ऑफिसातले दोघं, सोसायटीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वायर सोडून गाडी चार्ज करणारे एक काका, आणि आमचे मामा. यातल्या कुणालाही हजार किलोमीटर नकोत. इथून पुणं साधारण २३५ किलोमीटर, तेवढं एका दमात होऊन वर थोडं उरलं तरी हे लोक खूष आहेत. त्यांची खरी मागणी ऐकली तर गाडी बनवणाऱ्यांना लाज वाटावी इतकी साधी आहे. गाडीने खरं बोलावं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी पुण्याच्या कंपनीत, खुर्ची सिडकोतल्या घरात. बॅटरीचा प्रोग्राम लिहिणं माझं काम नाही, पण तो कसा लिहितात हे समजण्याइतपत शिकलोय. म्हणून खात्रीने सांगतो, या गाड्यांना बरंच काही ठाऊक असतं. त्यातलं थोडंच त्या मालकाला सांगतात.

सुरुवात रेंजपासून. २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटची बॅटरी आणि ३१२ किलोमीटर हा आकडा जाहिरातीत होता. मार्च २०२१ मध्ये एका ग्राहकाने रेंज मिळत नसल्याची तक्रार केली म्हणून दिल्ली सरकारने त्या गाडीचं अनुदान थांबवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि आदेशाला स्थगिती मिळाली. त्यात कंपनी खोटं बोलली असं म्हणता येत नाही, कारण ३१२ हा आकडा अधिकृत चाचणीतलाच होता. गोम चाचणीत आहे. आपल्याकडे रेंज मोजतात ती ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या पद्धतीने. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने पळवतात. एसी बंद. वेग ताशी ९० च्या वर जातच नाही.

आता सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढा. तिथे मर्यादा ताशी १२० ची आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ८० च्या जागी १२० ने गेलात की गाडीला हवा सव्वादोन पट जोराने मागे ढकलते. बाहेर मे महिना, पारा ४२ ला, मागच्या सीटवर आजी, एसी फुल. ज्या रस्त्यासाठी लोक ही गाडी घेतात, तो रस्ता त्या चाचणीत कुठेच नाही.

२०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही आली तेव्हा टाटांनी दोन आकडे छापले. ५५ युनिटच्या बॅटरीला चाचणीत ५८५ किलोमीटर, आणि प्रत्यक्षात शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना मिळेल असा ४०० ते ४२५ चा अंदाज. हे चांगलंच केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण त्याचा दुसरा अर्थही बघा. खरा आकडा काढता येतो, कंपनीजवळ तो असतो आणि तो छापला तरी गाडी विकली जाते. मग प्रत्येक कंपनीने तो छापावा, आणि तोही एक सरासरी म्हणून नको. ताशी ८० ला किती, १०० ला किती, १२० ला किती, एसी लावून किती. चार ओळींचा तक्ता. हॉटेलात ताटाचे दर वेगळे आणि राइस प्लेटचे वेगळे लिहितातच की.

रेंज निदान गाडी घेण्याआधीची गोष्ट. टक्क्यांचं दुखणं गाडी घेतल्यावर सुरू होतं.

मागच्या वर्षी मामा पुण्याहून येत होते. त्यांची गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण हा एका कंपनीचा रोग नाही. इमामपूरचा घाट, घोडेगाव, नेवासा फाटा सगळं नीट झालं. प्रवरासंगमचा पूल ओलांडताना स्क्रीनवर २१ टक्के होते. कायगाव मागे पडेपर्यंत ९. चार-पाच किलोमीटरमध्ये बारा टक्के गायब. गाडीने आपणहून वेग कमी केला आणि स्क्रीनवर कासव आलं. मामांनी एका ढाब्यावर गाडी घातली, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावली आणि मला फोन केला.

“अरे, हिची टाकी फुटली का काय? खाली तर काही सांडलं नाही.”

मामा वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं होते. त्यांच्या स्कूटरपासून आजपर्यंत प्रत्येक गाडीची वही आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, अ‍ॅव्हरेज. इलेक्ट्रिक गाडीचीही वही आहे, त्यात पेट्रोलच्या रकान्यात टक्के लिहितात. अशा माणसाला त्या रात्री ढाब्यावर तीन तास बसावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने गाडी तपासून सांगितलं, “सगळं ओके आहे, काका. सिस्टिममध्ये काही एरर नाही.”

एरर नव्हताच. झालं ते असं. हल्ली बऱ्याच गाड्यांत एलएफपी जातीची बॅटरी असते. जात चांगली आहे. टिकाऊ, आग लागण्याच्या बाबतीत बरीच सोशिक. पण तिचा एक स्वभाव आहे. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं. व्होल्टेज बघून आत किती शिल्लक आहे ते कळत नाही. गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्ससारखं, बाहेरून पाण्याची पातळी दिसत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशोब ठेवतं. किराणा दुकानातली उधारीची वहीच ती. रोज पाच-दहा पैशांची चूक होते, महिन्याभरात ती शेकड्यात जाते. ही वही दुरुस्त करायचा सोपा मार्ग म्हणजे बॅटरी पूर्ण १०० टक्के भरणं. तिथे व्होल्टेज झपकन वर जातं आणि सॉफ्टवेअरला खूण सापडते. मामा मात्र कायम ८० वर चार्जिंग थांबवत, कारण बॅटरी ८० च्या वर नेऊ नये असा मेसेज त्यांच्या ग्रुपवर फिरत होता. तो सल्ला दुसऱ्या जातीच्या बॅटरीसाठी बरोबर आहे.

मामांना हे कुणी सांगितलं नाही ही एक गोष्ट. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. बॅटरी शेवटची पूर्ण कधी भरली, हे गाडीला माहीत असतं. ‘चाळीस दिवस झाले, माझा अंदाज ढिला झालाय, आज रात्री पूर्ण भरा’ असं स्क्रीनवर दाखवायला एक ‘इफ’ लागतो. मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत लिहून देईन.

आणखी एक सांगतो. बॅटरीत किती शिल्लक आहे हे काढायला अनेक ठिकाणी कालमन फिल्टर नावाचं गणित वापरतात. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं, पुढे अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवायला वापरलेलं. आम्हाला ते शेवटच्या वर्षाला होतं. या गणिताची गंमत अशी की ते कधीच एक उत्तर देत नाही. उत्तर देतं, आणि त्या उत्तरावर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे तेही देतं. २१ टक्के, पण सात इकडे किंवा तिकडे. म्हणजे जिथे हे गणित वापरलंय, तिथे आपण किती अंदाजपंचे बोलतोय हे गाडीला ठाऊक असतं. स्क्रीन डिझाइन करणारा त्यातला पहिला आकडा ठेवतो आणि दुसरा फेकून देतो, कारण ‘ग्राहक गोंधळेल’. मामा गोंधळले नसते. १४ ते २८ च्या मध्ये काहीतरी, एवढं कळलं असतं तर ते नेवासा फाट्यालाच थांबले असते.

ही लपवाछपवी सगळ्यात महाग पडते ती गाडी विकताना. तिथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण माझ्या वयाच्या आणि माझ्या पगाराच्या लोकांना पहिली इलेक्ट्रिक गाडी मिळणार ती जुनीच. नवी घ्यायची ऐपत डॉक्टरांची, कारखानदारांची. त्यांच्या हातून चार-पाच वर्षांनी ती सुटेल तेव्हा ती पैठणच्या शिक्षकाकडे, कन्नडच्या मोसंबीवाल्याकडे, माझ्यासारख्याकडे येणार. पेट्रोल गाड्यांचं असंच झालं.

मामांना आता गाडी विकायची आहे. गुडघे दुखतात म्हणून ते उंच गाडी बघतायत. आम्ही जालना रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. माणूस सरळ होता. त्याने गाडीला एक चक्कर मारली, दारं लावून बघितली, आणि म्हणाला, “साहेब, पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडून आवाज ऐकला की मला कळतं. डिझेलचा धूर बघून कळतं. हिला आवाज नाही, धूर नाही. हिची बॅटरी किती खल्लास झाली ते मला कोण सांगणार? मी आपला सगळ्यात वाईट धरून भाव देतो.”

त्याने दिलेला भाव ऐकून मामा परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

व्यापाऱ्याचं काही चुकलं नाही. त्याच्याजवळ माहिती नाही, म्हणून तो भीतीचा भाव लावतो. त्या भीतीचा भुर्दंड चांगली जपलेल्या गाडीच्या मालकाला, आणि वाईट वापरलेल्या गाडीचा फायदाही तसाच सरसकट. मामांनी गाडी सावलीत लावली, हळू चार्ज केली, वही लिहिली. दुसऱ्या कुणी ती रोज फास्ट चार्जरवर तापवली असेल. दोघांना एकच दर.

त्या रविवारी मी हजाराच्या आतला एक ओबीडी डोंगल गाडीला लावला. फोनवर ॲप टाकलं, कुठल्यातरी देशातल्या हौशी पोरांनी उलगडून ठेवलेली कोडं त्यात भरली. पाच मिनिटांत सगळं समोर. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तापमान, आणि ‘स्टेट ऑफ हेल्थ’ नावाचा एक आकडा. बॅटरी नवी असताना होती त्याच्या किती टक्के ताकद उरली आहे, तो हा आकडा. मामांच्या गाडीत तो ९१ निघाला. वहीतल्या हिशोबाशी जवळपास जुळला. हाच आकडा मामांनी सर्व्हिस सेंटरला दोनदा मागितला होता, तेव्हा ‘तसा काही रिपोर्ट येत नाही’ असं उत्तर मिळालं होतं. येतो. गाडी पहिल्या दिवसापासून तो आकडा बाळगून फिरते आहे.

पण मोबाइलचा हा स्क्रीनशॉट त्या व्यापाऱ्याने का मानावा? त्यावर कंपनीचा शिक्का नाही. उद्या कुणी फोटोशॉप करून ९१ चे ९८ करेल. म्हणून हे डोंगल आणि ॲपचे खेळ आमच्यासारख्यांचं समाधान करतात, बाजार चालवत नाहीत. बाजाराला गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवर दिसणारा आणि कंपनी जबाबदारी घेईल असा आकडा लागतो.

हे काही मी मनाने काढलेलं नाही. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची तब्येत मालकाला कुठल्याही उपकरणाशिवाय बघता आली पाहिजे अशी अट घातली आहे. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये ठरलेला बॅटरी टिकाऊपणाचा जागतिक निकष सांगतो की पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजारपर्यंत ७० टक्के ताकद उरली पाहिजे. आपल्याकडे २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले. बॅटरी मेल्यावर तिचं काय करायचं ते त्यात आहे. जिवंत असताना तिची नाडी मालकाला दाखवावी, असं त्यात नाही.

कंपन्यांचं यावर उत्तर असतं वॉरंटी. आठ वर्षं आहे ना, कशाला काळजी करता? आता तर ‘आजीवन’ वॉरंटीच्या जाहिराती आहेत. त्या बारीक अक्षरांत वाचा. आजीवन म्हणजे बहुधा पहिल्या मालकाचं जीवन. गाडी विकली की मुदत आकसते. आणि वॉरंटी लागू होते ती ताकद अमुक टक्क्यांच्या खाली गेली तर. ती खाली गेली की नाही, हे मोजणार कोण? ज्याला बॅटरी बदलून द्यावी लागेल तोच. आमच्या गावाकडे मापाडी व्यापाऱ्याचा असला तर शेतकरी काट्याकडे डोळे लावून उभा राहतो. इथे काटाच झाकलेला.

दुसरा युक्तिवाद जरा हुशारीचा आहे, तो माझ्याच पेशातल्या लोकांनी मला ऐकवलाय. आकडे उघडे केले तर लोक घाबरतील, एका टक्क्याने आरोग्य घटलं तरी सर्व्हिस सेंटरवर गर्दी करतील, आकड्यात तापमानानुसार चढउतार असतो तो त्यांना कळणार नाही. बरं. मग शुगरचा रिपोर्टही पेशंटला देऊ नका, घाबरेल. आपल्याकडे सत्तर वर्षांची आजी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वेगळी सांगते, तीन महिन्यांच्या सरासरीचं नाव घेते. माणसं आकड्यांना सरावतात, आकडे मिळाले तर.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. निसान लीफच्या पहिल्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या उन्हात त्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या व्हायला लागल्या आणि मालकांनी बोंब मारली. आज बहुतेक नव्या गाड्यांत द्रवाने थंड करायची सोय असते. पण वाळूज किंवा शेंद्र्यातल्या कंपनीच्या पार्किंगमध्ये, सिमेंटवर, एप्रिल-मे मध्ये आठ तास उभी असलेली गाडी आतून किती तापली होती, हे मालकाला कुठे दिसतं? पार्किंगला पत्रे टाका म्हणून एचआरशी भांडायला तेवढा एक तक्ता पुरला असता.

चार्जरबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. माझ्या फोनमध्ये चार्जिंगची सहा ॲप्स आहेत आणि त्यांच्या सहा वॉलेटांत कुठे ८० तर कुठे १४० रुपये अडकलेत. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात हॉटेलच्या मागे, बंद, आणि त्याच्यासमोर वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स उभी. २०१६ मध्ये यूपीआय आणणाऱ्या देशात, जिथे पाणीपुरीवाला कुठल्याही बँकेचे पैसे घेतो, तिथे वीज विकत घ्यायला आधी त्या दुकानाचं ॲप उतरवावं लागतं. युरोपने १३ एप्रिल २०२४ पासून ५० किलोवॉट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरला साध्या कार्डाने पैसे घेणं बंधनकारक केलं. ज्याला जायचंय तो आला, कार्ड लावलं, गेला. तंत्राची अडचण नाही. वेगवेगळ्या चार्जिंग नेटवर्कनी एकमेकांशी बोलावं म्हणून ओसीपीआय नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. अडचण अशी की प्रत्येकाला आपलं ॲप तुमच्या फोनमध्ये ठेवायचं असतं.

आणि त्या स्क्रीन! एसीचा पंखा कमी करायला दोन मेन्यू आत जावं लागतं. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये साधी परीक्षा घेतली. ताशी ११० वेगाने चालवताना चार किरकोळ कामं करायची. २००५ ची बटणवाली व्हॉल्व्हो दहा सेकंदांत मोकळी झाली, एका नव्या इलेक्ट्रिक गाडीला ४४.६ सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती गाडी एक किलोमीटरहून जास्त पुढे गेली होती. युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. इमामपूरच्या घाटात पाऊस आला की वायपर कुठल्या मेन्यूत आहे ते शोधणाऱ्याला विचारा.

स्टेपनीचंही तेच. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम सैल केला. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं तर स्टेपनी नाही दिली तरी चालते. इलेक्ट्रिक गाड्यांनी याचा आनंदाने फायदा घेतला. ज्याने कुणी हा विचार केला त्याने आमच्या अजिंठा-जळगाव रस्त्याच्या कामाच्या वर्षांत तिथून प्रवास केलेला नसणार. टायरची बाजू फाटली तर तो फेस काही कामाचा नाही.

आता बिडकीनकडे या. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने या शहरात वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. एथरने इथेच स्कूटरचा कारखाना जाहीर केला. जेएसडब्ल्यूचंही नाव यादीत आहे. बजाज वाळूजला माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, स्कोडा शेंद्र्याला या शतकाच्या सुरुवातीपासून, आणि व्हॅरॉक, एन्ड्युरन्स तर इथल्याच. म्हणजे जमीन आमची, पाणी जायकवाडीचं, पोरं इथल्या कॉलेजांतली. वर सरकारची मदत आहेच. २०२५ च्या राज्याच्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. टोलमाफी म्हणजे जनतेचे पैसे. जनतेच्या पैशाने विकली जाणारी गाडी आपल्या मालकाला स्वतःच्या बॅटरीची प्रकृती सांगत नसेल, तर ती माफी कशासाठी द्यायची, असा प्रश्न मंत्रालयात कुणीतरी विचारायला हवा. तब्येतीचा आकडा स्क्रीनवर दाखवणाऱ्या मॉडेललाच सवलत, एवढं एक वाक्य धोरणात घातलं तरी पुढच्या सहा महिन्यांत सगळ्या कंपन्यांच्या गाड्या अपडेट होतील. कारखान्यात एक नटबोल्ट बदलावा लागणार नाही. रात्री वायफायवरून अपडेट येईल, सकाळी आकडा दिसेल.

मंत्रालय विचारेल तेव्हा विचारेल. आमच्या शहराच्या हातात त्याआधीचं हत्यार आहे. पुन्हा कधी इथले लोक शंभर-दोनशे गाड्यांची एकत्र ऑर्डर घेऊन कंपनीच्या दारात गेले, तर भावाच्या कागदाखाली दुसरा कागद ठेवावा. बॅटरीची तब्येत स्क्रीनवर दिसेल आणि विक्रीच्या वेळी कंपनी सहीशिक्क्याने लिहून देईल. टक्क्यांसोबत अंदाज किती पक्का आहे तेही दिसेल. चार्जिंगचा आणि तापमानाचा सगळा इतिहास मालकाला साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येईल. वॉरंटीच्या वादात बॅटरी तिसऱ्याकडून तपासून घेता येईल. स्टेपनी मिळेल, हवे तर पैसे घ्या. कंपनीचा माणूस म्हणेल, साहेब, हे हेड ऑफिसच्या हातात आहे. मर्सिडीजच्या वेळी सवलतही हेड ऑफिसच्याच हातात असणार.

मामांची गाडी अजून दारात उभी आहे. त्यांनी त्या व्यापाऱ्याला दिली नाही. वही झेरॉक्स करून ठेवली आहे, चार वर्षांची, पानन्‌पान. घ्यायला कुणी आलं की ते आधी चहा देतात, मग वही देतात, आणि समोरचा पानं उलटत असताना गप्प बसून राहतात. परवा गंगापूरचा एक मुलगा आला होता, आयटीआय झालेला. त्याने वही पूर्ण वाचली, फोनवर कॅल्क्युलेटर काढून दोन-तीन ठिकाणी भागाकार केला, आणि विचारलं, “काका, डोंगल आहे का तुमच्याकडं? नसला तर मी माझा घेऊन रविवारी येतो.”